घोंगडीचं रेडकू

परवा मी सुनेवर ओरडलो. तसा मी घरात ओरडतोच, त्यात नवं काय नाय. भाकरी थंड झाली की ओरडतो, टीव्हीचा आवाज वाढला की ओरडतो, आणि कुणी म्हणालं की बाबा आता तुमी गप बसा, तर मुद्दाम ओरडतो. पण परवाचं ओरडणं तसलं नव्हतं. नात आरोही दुसरीत आहे. तिच्या मॅडमनी वर्गातल्या पोरांना जाड कापडाचे तुकडे, दोरा आणि बोथट सुई दिली आणि सांगितलं, याचा हत्ती शिवून आणा. लोकर दाबून केल्यासारखं कापड, फेल्ट का काय म्हणतात त्याला. आठवडाभर तो कारखाना माझ्याच खाटेवर चालला. मला सुईचं नेढं दिसत नाय, तरी सुई मीच ओवणार म्हणून हटून बसलो, आणि आरोही मला न कळू देता दोरा हातानं ढकलून द्यायची. मला कळत होतं. हत्ती झाला एकदाचा. एक कान वर, एक खाली, पोटात कापूस ठासून भरलेला. मॅडमना दाखवून झाला आणि मग तो तिच्या ताटात जेवायला लागला, तिच्या उशाशी झोपायला लागला. एक दिवस सोंडेवर डाळ सांडली. सून तो उचलून धुण्याच्या मशीनकडं निघाली आणि माझ्या तोंडून निघालं, "धुवू नको!" असं निघालं की शेजारीण दारात आली. सून बिचारी हत्ती हातात धरून उभी. "अहो बाबा, डाळीचा डाग आहे नुसता." मी तिच्या हातातनं तो घेतला आणि माझ्या उशीखाली घातला. संध्याकाळी मुलानं विचारलं, काय झालं. बोलायला बसलो असतो तर फार मागं जावं लागलं असतं. म्हणून इथं लिहितो. वाचायचं त्यानं वाचावं.

आमचं घर धसईच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. कुडाच्या भिंती, वर कौलं, आणि अर्ध्या घरात माणसं, अर्ध्या घरात गुरं. मध्ये नुसता कामट्यांचा आडोसा. त्यामुळं आमाला पहाटे उठवायला कोंबड्याची गरज नव्हती. आय म्हस पिळायला बसायची त्या आवाजानं मी जागा व्हायचो. पितळेची चरवी होती. पहिल्या धारा रिकाम्या चरवीत पडायच्या त्या टणटण वाजायच्या. मग दूध चढत आलं की आवाज जाड व्हायचा, दबका, फेसात बुडाल्यासारखा. तो दबका आवाज आला की मी समजायचो, आता सगळं ठीक आहे, आणि परत डोळे मिटायचो. थंडीत आय डोक्यावरून काळी घोंगडी घ्यायची, लाल काठाची, आणि कपाळ म्हशीच्या बरगडीला टेकवून बसायची. म्हशीचं नाव मोरी. मोरी दुसऱ्या कुणाला जवळ येऊ द्यायची नाय. बा गेला की पाय झाडायची. बा म्हणायचा, "ही म्हस नाय, ही माझी सासू हाय." आय हसायची ती घोंगडीच्या आतनं, नुसता खांदा हलायचा.

भात झोडून झालं होतं, अंगणात पेंढ्याची उडवी रचलेली होती, तेव्हाची गोष्ट. मोरी नुकतीच व्यायली होती आणि पाठोपाठ आय बाळंत झाली. मुलगी झाली. आय त्या बाळंतपणातून उठलीच नाय. त्या घोंगडीतच होती शेवटपर्यंत, अंगात थंडी भरली होती तिच्या. माणसं आली, नेलं, परत आली. मी थोरला मुलगा म्हणून माझं डोकं भादरलं. सापगावची आत्या, म्हणजे बाची थोरली बहीण, रडत आली आणि तिच्या घरी भाताचं खळं पडलं होतं म्हणून तेराव्याला येते सांगून परत गेली. जाताना तिनं बजावलं की मेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवायचं नाय, नदीला सोडून द्या. तशीच रीत होती आमच्याकडं. सगळं सोडलं. पण घोंगडी आणि आयची उशी माझ्या बहिणीनं, जनानं, आधीच माळ्यावर तुसाच्या पोत्यांमागं कोंबली होती. जना माझ्याहून थोडी मोठी. तिला कुणी काय विचारलं की ती समोर बघून उत्तर द्यायची, आणि म्हणूनच तिनं खोटं सांगितलेलं कुणाला कळायचं नाय. "घोंगडी? गेली की पाण्यात."

लहानग्या पोरीचं बारसं झालं नव्हतं. सुतकात कोण करणार? आमी तिला नुसतं बाय म्हणायचो. तिला मोरीचं दूध, निम्मं पाणी घालून, बोंडल्यानं पाजायचं काम जनाकडं. मोरी आयच्या माघारी जनाला कसंबसं पिळू देत होती, ते रेडकू जवळ बांधलेलं असायचं म्हणून. ते चार ढुश्या मारायचं, मोरी पान्हवायची, की जना पटकन बसायची. आणि मग त्या रेडकाला हगवण लागली, आणि एका सकाळी ते ताठ होऊन पडलं.

शेजारचे गोमाकाका आले. त्यांनी गुरं खूप पाहिली होती. ते बाला म्हणाले, "म्हादू, कातडं काढून घे. आत पेंढा भर, वर मीठ नि पेंडीचं पाणी लाव, उभं कर तिच्यापुढं. चाटत राहील नि दूद देत राहील. पोरगी जगवायची ना तुला?" सगळीकडं करायचे तसं. बा त्या रेडकाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "या घरात मेलेलं परत उभं नाय करायचं मी." आणि कुदळ घेऊन, रेडकू खांद्यावर टाकून, शेताच्या बांधाला पुरून आला. त्याला दोष देऊन काय उपयोग? त्याला आदल्याच आठवड्यात बायको उचलावी लागली होती. पण संध्याकाळी मोरी बसली नाय, चारा हुंगला नाय, नुसती हंबरत राहिली, आणि सडाला हात लावला की दूध वर ओढून घ्यायची. चरवी रिकामी. बाय रडत होती. आधी जोरात, मग बारीक.

मग वाडीवरची एक लेकुरवाळी बाई येऊन बायला अंगावर पाजून जायची. पण तिच्या घरची माणसं वीटभट्टीवर निघाली, बिऱ्हाड डोक्यावर घेऊन, आणि तिलाही जावं लागलं. जाताना म्हणाली, "मी तरी काय करू गो बाय?" त्याच दुपारी जनानं मला आणि धाकट्या पांडूला माळ्याखाली बोलावलं आणि घोंगडी खाली टाकली. "कातडं नाय तर नाय," ती म्हणाली. "आपण शिवायचं."

पोती शिवायचं दाभण होतं, सुतळी होती. घोंगडी दुमडून मधला भाग पाठ केला. पाठीखाली चार भोकं पाडली आणि काठाकडचे तुकडे कापून, गुंडाळून, त्यांचे पाय करून त्या भोकांत बसवले. माझं म्हणणं, पायांत पेंढा दाबून दाबून भरायचा, नायतर उभं राहणार नाय. जनाचं म्हणणं, फार भरलं तर शिवण उसवेल. मी हट्ट सोडला नाय, आणि शिवण उसवली. पांडू सारखा विचारायचा, "शिंगं कधी लावायची?"

"जल्मल्या रेडकाला शिंगं असतात का रे, येड्या?"

"मग हा कुत्रा दिसतोय."

"तुझ्यापेक्षा बरा दिसतोय."

आय गेल्यापासून आमी त्या दिवशी पहिल्यांदा हसलो, आणि हसलो म्हणून तिघंही एकदम गप झालो. डोक्यात भरायला पेंढा टोचेल म्हणून जनानं आयची उशी फोडली. सावरीचा कापूस, मऊ, तेलकट वासाचा. डोळ्यांसाठी पांडूनं आपल्या जवळच्या दोन गुंजा दिल्या, त्याही कुरकुर करत. घोंगडीच्या दशांची शेपटी केली. आणि सगळं नीट शिवून झाल्यावर कळलं की पोट पण शिवून टाकलंय, आता पेंढा घालायचा कुठून? परत उसवलं. आरोहीच्या मॅडमनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पोट शेवटी शिवायचं. आमाला कोण सांगणार?

उभं केलं तर ते तोंडावर पडलं. मग चार बांबूच्या कामट्या पायांत घातल्या. जनानं त्याच्या पाठीवर मीठ चोळलं, पेंडीचं पाणी शिंपडलं, गोमाकाकांनी सांगितलं होतं तसं, आणि आमी ते मोरीपुढं नेलं. मोरीनं मीठ नाय चाटलं. तिनं नाक पुढं केलं आणि मानेजवळ, जिथं घोंगडी आयच्या डोक्यावर असायची तिथं, हुंगत राहिली. आयच्या केसांचं तेल होतं तिथं, चुलीचा धूर होता, घाम होता. मोरीच्या गळ्यातनं असा आवाज आला की मी म्हशीचा तसला आवाज पुन्हा कधी ऐकला नाय. जना खाली बसली. टणटण. टणटण. आणि मग चरवीतला आवाज हळूहळू जाड व्हायला लागला.

बा शेतावरून येत होता. तो आवाज ऐकून दारातच थांबला. त्यानं ते रेडकू बघितलं. लाल काठ बघितला. जवळ येऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला. मला वाटलं आता जनाला मार बसतो. तो म्हणाला, "गाळून दे तिला. निम्मं पाणी घाल." आणि बाहेर जाऊन पेंढ्याच्या उडवीला पाठ लावून बसला.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. आयच्या नसण्यात जेवढे बरे जातील तेवढे. बाय दूध पिऊन झोपायला लागली, तिची मूठ उघडायला लागली. मोरी रेडकाला चाटायची, आणि मला ते बघवायचं नाय, कारण मला वाटायचं, ती चाटून चाटून आयला संपवणार. मी जनाला तसं म्हटलं. ती म्हणाली, "संपू दे. तवर बाय मोठी होईल."

तेराव्याला आत्या आली. आत्या म्हणजे मोठ्या आवाजाची, मोठ्या हाताची बाई, गूळ-खोबरं पदराला बांधून आणणारी. माझ्या तुळतुळीत डोक्यावर टपली मारून म्हणाली, "काय रे टकल्या, थंडी वाजते का?" आणि लगेच मला पोटाशी धरून रडायला लागली. ती आली ती कामालाच लागली. घर सारवलं, भिंती पोतेरल्या, मडकी बाहेर काढली, होतं नव्हतं ते धडोतं नदीवर नेलं. सुतक फिटायचं म्हणजे घरातली एक चिंधीसुद्धा न धुतलेली राहता कामा नये. जना विहिरीवर गेली होती. आत्या गोठा झाडायला गेली आणि तिला ते दिसलं.

तिनं घोंगडी ओळखली. मी अंगणातनं तिचा आवाज ऐकला, "अगो माझे बाय! ही हितं?" टाकून देणं तिला सोपं होतं. रीतीप्रमाणं तेच करायला हवं होतं. पण पोरांनी शिवलंय, पोरं रडतील, म्हणून तिनं टाकलं नाय. धुवायला घेतलं. नदीवर दगडावर बसून तिनं शिवण उसवली, पेंढा, कापूस काढून टाकला, घोंगडीला राख लावली आणि आपटली. मी काठावर होतो. पाणी काळं निघत होतं, मग तांबूस, मग स्वच्छ. आत्या एकीकडं रडत होती आणि एकीकडं आपटत होती. "किती मळली होती गो वयनी," असं म्हणत होती, जशी काय आयचीच पाठ चोळतेय. उन्हात वाळवली, नवा पेंढा भरला आणि बारीक टाक्यांनी शिवून दिलं. आमच्यापेक्षा किती तरी झकास. पांडूला तर फार आवडलं. म्हणाला, "आत्ता रेडकू दिसतोय."

जना हंडा घेऊन आली आणि ते बघून जागच्या जागी थांबली. हंडा उतरवायचं सुचलं नाय तिला.

संध्याकाळी मोरीनं नाक पुढं केलं, हुंगलं, फुरफुरली आणि तोंड फिरवलं. जना बसली तसा तिनं पाय झाडला. चरवी कोपऱ्यात जाऊन पडली. आत्या म्हणाली, "चाटंल, चाटंल. नवं वाटतंय तिला." दुसऱ्या दिवशीही नाय. आत्यानं मीठ चोळलं, गूळ चोळला, मोरीच्या गळ्यात पडून तिला विनवलं. बा बसला, गोमाकाका बसले. टणटण दोन धारा, आणि मग काहीच नाय. दबका आवाज त्या घरात परत आलाच नाय.

शेळीचं दूध आणलं, ते बायच्या पोटात ठरलं नाय. तांदळाची पेज गाळून दिली. गावात दुसरी दुभती गाय-म्हस नव्हती, सगळ्यांकडं बैल. मुरबाडला न्यायचं ठरलं, पण बाय त्या आधीच गार पडत चालली होती. जनानं तिला पेंढ्याच्या रेडकाच्या पोटाशी निजवलं, ऊब राहावी म्हणून. ती तिथं गप पडून राहायची, एक हात त्या गुंजेच्या डोळ्यावर. एका दुपारी बाहेर सगळे आपापल्या कामात होते, कोंबड्या अंगणात दाणे टिपत होत्या, आणि जना आतनं बाहेर येऊन म्हणाली, "बा, हिचा हात बघ जरा." बानं हात बघितला नाय. कुदळ घेतली. रेडकू पुरलं होतं त्याच बांधाला घेऊन गेला तिला.

आत्याला कुणी एक शब्द बोललं नाय. ती त्या दिवशी चुलीपाशी बसून राहिली आणि दुसऱ्या दिवशी सापगावला निघून गेली. मी तिला पोचवायला गेलो नाय. पुढंही कधी तिच्याशी नीट बोललो नाय, ती मेली तेव्हा सापगावला गेलो नाय. जनानं मला आपल्या म्हातारपणी एकदा सांगितलं, "धर्मा, सोड आता." मी म्हटलं, "तू सोड." मुलाच्या ओळखीतल्या एका डॉक्टरनं मला समजावलं होतं की काका, इतकं लहान पोर म्हशीच्या दुधावर तसंही जगलं नसतं. मी त्याला म्हटलं, तू होतास तिथं? आता मुलानं शहापूरला घर बांधलंय आणि मला इथं आणून ठेवलंय. एसटी सापगाववरून जाते तेव्हा मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडं बघतो. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला ऊन लागतंय.

पण एक गोष्ट राहिली, आणि ती लिहायची म्हणूनच एवढं लिहिलं. बाय गेल्यावर जनानं ते रेडकू उसवलं. पेंढा मोरीला घातला. घोंगडी उरली ती कसली? मध्ये पायांची चार भोकं, एक काठ कापलेला. बा ती घेऊन झोपायला लागला. चार जणांत बसायचा ते पण ती घेऊनच. भोकांतनं त्याचे गुडघे बाहेर यायचे. गावात पोरं हसायची, मी एकाचं डोकं फोडलं त्यापायी. बाला कुणी नवी घोंगडी दिली तरी तो घ्यायचा नाय.

पुढच्या भाऊबीजेला आत्या आली. मला वाटलं होतं येणार नाय. ताटात दिवा, सुपारी, अक्षता, सगळं मांडून ती ओटीवर आली. बा तिथंच भिंतीला टेकून बसला होता, ती घोंगडी गुडघ्यांवर. आत्यानं ताट खाली ठेवलं. तिला ती दिसली, भोकांसकट. तिनं हात पुढं केला. "आण हिकडं, म्हादू. भोकं शिवते. धुवून देते."

वर्षभरात बा तिला एक शब्द बोलला नव्हता. तो रागावला नाय. आवाजही चढला नाय. नुसतं म्हणाला, "धू नको गो, आक्का. पोरीचा वास हाय तिला."

आत्याचा हात घोंगडीवर तसाच राहिला. मी दारात होतो. तिच्या तोंडाकडं बघितल्यावर मला कळलं की तिला आत्ता, या घडीला, सगळं कळलंय. मोरीनं तोंड का फिरवलं, ते. ताटातला दिवा वाऱ्यानं फरफरत होता आणि ओवाळायचं कुणाला सुचत नव्हतं. मग ती बाच्या शेजारी जमिनीवर बसली, घोंगडी त्याच्या गुडघ्यांवर नीट ओढली, आणि जिथं भोकं होती तिथं आपला पदर पसरला.